गुण्यासर

मुळशी तालुक्यात सतत जमिनीकडे बघत चालणारी माणसं दोन प्रकारची. पहिले जमिनीचे एजंट आणि दुसरे गुण्यासर. एजंटाला खाली गुंठे दिसतात. सरांना फरशीचा उतार दिसतो, आणि तो एकदा दिसला की समोर आलेल्या चहाकडे त्यांचं लक्ष राहत नाही.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. एक जाड दांडा आणि त्यात नव्वद अंशांत बसवलेलं पोलादी पातं, एवढाच जीव. या वयाची माणसं पिशवीत औषधाच्या गोळ्या ठेवतात, सर गुण्या ठेवतात. बँकेत गेले की आधी काउंटरच्या कोपऱ्याला लावून बघणार. देवळात गेले की पहिला मान चौकटीला, मग देवाला. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण त्यांना साफ अन्यायाची वाटते. "नाचणारीला नावं ठेवायच्या आधी अंगण कुणी तपासलं होतं का?" असा त्यांचा सवाल असतो, आणि त्याला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. गुण्यासर हे नाव अर्थात मुलांनी पाडलेलं. खरं नाव पेन्शनच्या कागदावर आहे, ते तिथेच राहू दे.

असे एक सर सुतारकाम शिकवणाऱ्या बहुतेक आयटीआयत सापडतात. देशात कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, तेव्हापासून ही जात टिकून आहे. सरकारी भाषेत यांना ‘शिल्प निदेशक’ म्हणतात. शिल्प म्हटल्यावर आपल्याला वेरूळ आठवतं. इथे शिल्प म्हणजे वर्षाअखेरीला तयार होणारं स्टूल. आमचे सर रीतसर निवृत्त झाले, घरी बसले, घरातल्या सगळ्या खुर्च्यांचे पाय दुरुस्त करून संपले, तेव्हा घरच्यांनीच त्यांना परत कामाला लावलं. आता घोटावडे फाट्याच्या पुढे एका संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते मुलांना सुतारकाम आणि फर्निचर शिकवतात. मानधन विचारू नये असं आहे.

प्रवेश घ्यायला येणारा मुलगा मोबाईलवर राउटर मशीनचे रील बघून आलेला असतो. त्याला वाटतं, पहिल्या आठवड्यात डिझायनर बेड. सर त्याच्या हातात रंधा देतात आणि आंब्याच्या लाकडाचा एक ठोकळा. "याचं एक तोंड सपाट करून आण." मुलगा हसतच जातो. दुपारी घाम पुसत परत येतो. सर ठोकळा खिडकीसमोर डोळ्याच्या रेषेत धरतात, गुण्याचं पातं त्यावर आडवं ठेवतात आणि मुलालाच विचारतात, "उजेड दिसतो?"

"थोडा दिसतो सर."

"मग जा."

बिचाऱ्यानं शाळेत दहा वर्षं ‘तू काय उजेड पाडणार’ हेच ऐकलेलं. आणि इथे पडला, तर परत पाठवतात! पात्याखालून उजेड यायचा म्हणजे लाकडात तिथे खड्डा आहे. तो घालवायला बाकीचं सगळं खाली आणावं लागतं. ते आणेपर्यंत दुसरीकडे खड्डा होतो. असं करत करत ज्या दिवशी तोंड सपाट होतं, त्या दिवशी ठोकळ्याची पट्टी झालेली असते. एका मुलानं अशी पट्टी मोठ्या अभिमानानं आणून दाखवली. सरांनी चारी बाजूंनी बघितली, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "छान. आता दुसरं तोंड."

पुढचा मुक्काम सांध्याचा. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला तेवढंच भोक पाडायचं आणि एकात एक बसवायचं. हे कुसू हातानं आत गेलं पाहिजे, पण सांधा उलटा धरला तर सुटून पडता कामा नये. हातोडी मारावी लागली तर घट्ट झालं, पडलं तर सैल झालं, आणि दोन्हीत नापास. पहिले काही महिने फेविकॉलला शेडमध्ये बंदी. फटीत भुसा आणि फेविकॉल कालवून भरायचा, वरून पॉलिश पेपर मारायचा, की काम सुबक दिसतं. आपल्या घरांमधलं अर्धंअधिक फर्निचर याच लेपावर उभं आहे. सरांपुढे तो चालत नाही. ते अंगठ्याचं नख सांध्यावरून ओढतात आणि मुलाकडे बघतात. तेवढ्यावर मुलगा आपणहून कबूल करतो.

पटाशीच्या बाबतीत तर सर शिवराळ होण्याच्या काठावर येतात. पटाशीनं रंगाचा डबा उघडणं किंवा स्क्रू फिरवणं हे त्यांच्या लेखी गोहत्येच्या खालोखाल पाप. धार लावून झाली की ती तपासायची त्यांची रीत अशी: पटाशी उजव्या हातात घ्यायची आणि डाव्या हाताच्या मनगटामागे हलकेच फिरवायची. केस साफ निघाले की धार झाली. त्यामुळे सरांचा उजवा हात चारचौघांसारखा आणि डावा कोपरापर्यंत गुळगुळीत. वर्ष संपेपर्यंत अख्ख्या तुकडीचे डावे हात तसेच होतात. पौडच्या बाजारात डावा हात बघून पोरगं सरांचं आहे का, हे लोक ओळखतात.

हा माणूस घरातही तसाच. पुतण्याला मुलगी बघायला कोळवण खोऱ्यात गेले होते. कांदेपोहे आले, मुलगी आली. सगळे मुलीकडे बघत होते, सर तिच्या मागच्या दाराकडे. मध्येच त्यांनी विचारलं, "चौकट कुणी बसवली?" मुलीच्या वडिलांना वाटलं, देण्याघेण्याचा विषय आडून काढतायत. त्यांनी घाम पुसला. सर उठले, पिशवीतून गुण्या काढला, वरच्या कोपऱ्याला लावला आणि जाहीर केलं, "दोन सूत मारतंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अभ्यासक्रम मिलिमीटरमध्ये गेला, तरी सुतारांच्या जगात अजून सुताचंच राज्य आहे. मुलीचा काका खवळून काही बोलणार, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "चौकट नाही हो, दार वाकडं दिसतंय. पावसाळ्यात फुगलं म्हणून बाबांनी वरून तासलंय."

सर म्हणाले, "मुलगी पसंत आहे."

पुतण्याला शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही. संसार छान चाललाय.

मुलीनं सांगितलं ते मुळशीतलं सगळ्यात मोठं सुतारशास्त्र. ताम्हिणीकडून पाऊस सुटला की चार महिने हवेत पाणीच पाणी. लाकूड ते पाणी पितं आणि फुगतं. लांबीत जवळजवळ नाहीच, आडवं, रुंदीत. दिवाळीनंतर परत आक्रसतं. कोथरूडचा बंगलेवाला शनिवार-रविवारी धरणाचं पाणी बघायला येतो, जुलैत त्याचं सागवानी दार अडकतं, तो चिडून कुणाला तरी बोलावतो आणि दार तासून घेतो. मार्चमध्ये त्याच दाराच्या फटीतून पाल ये-जा करते. मग तो सरांकडे येतो. सरांचा सल्ला ठरलेला: "फुगलेल्या दाराला आणि फुगलेल्या भावकीला दिवाळीपर्यंत हात लावू नये." भावकीबाबत तालुका हे ऐकत नाही. पौडच्या कोर्टाचं काम त्यावर चालतं. दारांबाबत थोडेफार लोक ऐकायला लागले आहेत.

सर चुकतच नाहीत असं मात्र कुणी समजू नये. आयटीआयत लागायच्या आधी ते पुण्यातल्या एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होते. बीड ओतायचं तर आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, वाळूत त्याचा साचा उठवतात आणि त्यात रस ओततात. रस थंड होताना बीड आक्रसतं, फुटामागे साधारण एक सूत. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते: तिच्यावर लिहिलेला फूट हा खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. सरांकडे ती पट्टी अजून आहे, आणि ती बाकीच्या पट्ट्यांमध्येच राहते. घरात भिंतीच्या कोनाड्यात बसवायला त्यांनी सहा फुटी कपाट केलं. सागाचं, एकही खिळा नाही, डव्हटेलचे सांधे असे की बघत राहावं. बसवायला गेले तर पाऊण इंच जास्त. काकू म्हणाल्या, "अहो, आता?" सरांनी कपाटाला हात लावू दिला नाही, गवंडी बोलावून भिंत तासली. वर काकूंना म्हणाले, "कपाट बरोबर आहे. अजून थंड व्हायचंय."

आता हजेरी. संस्थेनं अंगठ्याचं यंत्र बसवलं. लिपिकाचा अंगठा लागतो, शिपायाचा लागतो. सुतारकामाच्या मुलांचा लागत नाही. रंध्यानं कातडी घट्ट झालेली, पॉलिश पेपरनं रेषा घासलेल्या, वर वाळलेल्या फेविकॉलचा पापुद्रा. यंत्र म्हणतं, असा माणूस नाही. जितका मुलगा कामाचा, तितकी त्याची गैरहजेरी जास्त. ज्याची हजेरी शंभर टक्के लागते, त्याला सर बाजूला घेऊन विचारतात, "बाबा रे, काही करतोस का नाही?"

सरांची खरी परीक्षा पंतप्रधान विश्वकर्मा योजनेनं घेतली. १७ सप्टेंबर २०२३ ला ही योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय, त्यात सुतार आहेच. काही दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि पुढे कमी व्याजाचं कर्ज. अशा एका वर्गाला खोऱ्यातल्या एका गावचे म्हातारे सुतारकाका आले. पोरानं फॉर्म भरला म्हणून आले. यांच्या आजोबांना गावानं बलुत्यात भात घातलं, वडिलांनी नांगर आणि बैलगाड्या केल्या, यांनी चौकटी केल्या. सरांनी त्यांना ॲप्रन घातला, डोळ्याला चष्मा लावला आणि वर्कबेंचपाशी उभं केलं. काका थोडा वेळ उभे राहिले, मग खाली फरशीवर बसले, लाकूड दोन्ही पायांच्या अंगठ्यांत धरलं आणि वाकस चालवायला लागले.

सर धावले. "काका, काका! ते शिकंज्यात पकडा!"

"धरलाय की," काका म्हणाले आणि पायाकडे बोट दाखवलं.

सुरक्षेच्या प्रकरणात पायाच्या बोटांमध्ये वाकस चालवू नये असं लिहिलेलंसुद्धा नाही. असं कुणी करेल हे पुस्तकवाल्याच्या डोक्यातच आलं नसावं. सरांनी फळ्यावर लाकडाचे प्रकार, ओलावा, सांधे, कोन सगळं नीट समजावलं. काकांनी मन लावून ऐकलं आणि शेवटी एकच शंका विचारली, "ह्ये समदं लाकडाला ठावं हाय का?"

त्यानंतर प्रात्यक्षिक. काय करणार, असं विचारल्यावर काका म्हणाले, जू करतो. बाभळीचा ओंडका आणला आणि वाकसानं तासायला घेतला. खुणेला पेन्सिल नाही, पट्टी नाही. मधूनमधून नुसता हात फिरवायचे. संध्याकाळपर्यंत जू झालं. सरांनी पिशवीतून गुण्या काढला आणि जुवाभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. गुण्या लावायला कोपराच सापडेना.

"याला काटकोन कुठे आहे?"

"मास्तर," काका म्हणाले, "बैलाची मान कुठं काटकोनात असती?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते स्वतः काकांसमोर फरशीवर बसलेले दिसले. पायाच्या अंगठ्यात लाकूड धरायचा प्रयत्न चालू होता आणि काका सांगत होते, "गुडघा भाईर ठेवा, न्हाईतर बोट जाईल." वर्ग संपताना काकांना प्रमाणपत्र मिळालं. त्यावर जिथे प्रशिक्षकाची सही असते, तिथे सही करताना सरांना फार अवघड गेलं असावं, कारण नंतर बराच वेळ ते कुणाशी बोलले नाहीत.

वर्षातून एकदा सर मुलांना सहलीला पुण्याला नेतात. शनिवारवाड्यात मुलं मस्तानीचं विचारतात. सर सांगतात, या वाड्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं होतं. पेशवाई १८१८ ला बुडाली असं इतिहास म्हणतो. सरांच्या मते ती १८२८ ला बुडाली, कारण त्या वर्षीच्या आगीत ते सागवान जळालं. तिथून विश्रामबागवाडा. तिथले सुरूच्या घाटाचे लाकडी खांब बघून सर हात लावायला पुढे होतात आणि रखवालदार ओरडतो. मागे वळून बघावं तर तुकडी तुळशीबागेत पसार.

नव्या फर्निचरवर सरांचं मत कडक आहे. पार्टिकल बोर्डाला ते ‘दाबलेला भुसा’ म्हणतात. "आम्ही जे झाडून टाकतो, ते तुम्ही किचनला लावता." त्यातही सर थोडे अडाणीपणा करतात असं माझं मत आहे. सागाच्या भावात आज कुणाचं स्वयंपाकघर बसेल? पण मुळशीतल्या दोन पावसाळ्यांनंतर सिंकखालच्या कपाटाचा तळ पोह्यासारखा फुललेला बघितला की सरांशी वाद घालायचा हुरूप राहत नाही.

त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते एका इंटिरिअर डिझायनरनं. एका फार्महाऊससाठी जेवणाचं टेबल हवं होतं, रस्टिक. म्हणजे काय, ते त्यानं समजावलं: नवीन असलं तरी शंभर वर्षांचं वाटलं पाहिजे. कडा वाकड्यातिकड्या, साखळीनं ठोकून पाडलेले पोचे, कीड लागल्यासारखी भोकं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कीड हवी आहे ना? आमच्या गोदामात खरी आहे. चार महिने टेबल तिथे ठेवा, फुकटात होईल." डिझायनर उठायच्या आत सरांच्या तुकडीतल्या उरवड्याच्या मुलीनं आगाऊ रक्कम घेऊन टाकली. मुलींनी सुतारकामाला यायचं प्रमाण फार नाही, पण ही आली होती आणि सांधा मारण्यात तिच्या हाताखाली मुलं होती. तिनं टेबल केलं. पोचे पाडले, भोकं पाडली. डिझायनरनं येऊन बघितलं आणि म्हणाला, "काहीतरी चुकतंय. फार व्यवस्थित वाटतंय." चूक सरांनी शोधून दिली. सगळी भोकं एका रेषेत होती आणि दोन भोकांमधलं अंतर सगळीकडे सारखं. सवयच तशी लागलेली; तिच्या किड्यांनीसुद्धा मार्किंग गेज लावला होता.

पुढे या मुलांचं काय होतं? काही पोलीस भरतीच्या मैदानावर पळतात. काही हिंजवडीत सिक्युरिटीला लागतात. तालुक्याची जमीन विकली गेली तसं हे काम तालुक्याला लागलं. काही पिरंगुटला मॉड्युलर फर्निचरच्या मशीनवर उभे राहतात. डोंगराडोंगरावर बंगले उठतायत, आणि त्यांतलं बरंचसं लाकूडकाम राजस्थानातून आलेले सुतार करतात. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. मामाच्या किंवा चुलत्याच्या हाताखाली लहानपणापासून शिकलेले. आमच्या पोरांकडे फोटो चिकटवलेलं प्रमाणपत्र आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा, पण उमेदवारी कशाला म्हणतात ते या राजस्थानी मंडळींना कायद्याशिवाय कळलं. सरांना हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून सुटीच्या दिवशी ते निवडक मुलांना एका बंगल्याच्या साइटवर अशाच एका उस्तादाकडे पाठवतात. उस्ताद हिंदीत शिव्या देतो, चहा आणायला लावतो आणि शिकवतो. सर सोमवारी विचारतात, काय शिकलास? मुलगा सांगतो, आणि सर ते वहीत लिहून घेतात.

माझं विचाराल तर एका वर्षात रंधा हातात बसतो, लाकूड कळायला पाचसहा पावसाळे लागतात. सरकारी अभ्यासक्रमात पावसाळा एकच येतो. तरी या शेडमधून बाहेर पडलेल्या मुलाला अर्ध्या सुताची फट डोळ्याला टोचते, आणि ती टोचली की तो ‘चालतंय की’ म्हणू शकत नाही. तालुक्यात आज हा शब्द न वापरणारी माणसं शोधून काढावी लागतील.

तेव्हा पौड रस्त्याला घर बांधत असाल तर सरांच्या मुलांना जरूर बोलवा. आठवडाभर उशीर होईल, तुमच्या गवंड्याबद्दल चार वाईट शब्द ऐकावे लागतील, पण कपाटाचे खण एका बोटानं सरकतील. सर स्वतः माप घ्यायला आले, तर मात्र पट्टी कोणती आणली आहे ते आधी विचारून घ्या.